अर्धी तासलेली फळी

मी फळी बोलतेय. भातखाचरातला चिखल सपाट करणारी फळी. पण जन्मानं मी विमानाचा पंखा. आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल म्हातारी फुशारकी मारते.

दुसऱ्या महायुद्धात नवशिक्या वैमानिकांना शिकवायला लहान विमानं होती, लाकडाची अन् कापडाची. त्यातल्या एकाच्या नाकावर मी फिरायची. लाकडाचे थर चिकटवून, माझ्या दोन्ही हातांना पीळ देऊन मला घडवलं होतं. त्या पिळानंच मी वारा कापायची. कितीक पोरं माझ्यामागं बसून शिकली अन् लढायला गेली. परत किती आली, ते मला कुणी सांगितलं नाही.

पुढं विमान मोडीत निघालं आणि मी मंचरला मिश्रीलाल शेठच्या भंगारात पडले. साठेक वर्षांपूर्वी तिथून कुशाबानं मला नेलं. मधे आयतं भोक, दोर ओवायला बरं. आंबेगावच्या डोंगरात त्याची खाचरं होती.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पिळामुळं सगळा चिखल एका अंगाला गोळा. बांधावरून त्याची नवी नवरी सारजाबाई म्हणाली, “फळी वढताय का डोंगर रचताय?”

कुशाबा रंधा घेऊन बसला. माझा एक हात तासून सपाट केला. दुखलं मला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्याला रंधा लावणार, तोच सारजाबाईनं त्यावर तळवा ठेवला. “ऱ्हाऊ द्या ही बाजू. कुनीतरी लई जीव लावून केलंय.”

मग वाकडी बाजू ढेकळं फोडायची आणि पुढच्या फेरीत सपाट बाजू त्यावरून फिरायची. पुढं बैल, वर कुशाबा उभा. त्याच्या पावलांनी मला दोन खळगे पडले.

कुशाबा गेला. पॉवर टिलर आला. मी माळ्यावर गेले. तरी दर दिवाळीला सारजाबाई मला पुसायची, खळग्यांत बोटं फिरवायची.

यंदा मिश्रीलालची नात नीलम आली; आजोबांच्या जुन्या वहीत तिला माझी विक्री सापडली होती. ती जुनी विमानं दुरुस्त करते. “आजी, तुमचा पंखा ज्या जातीच्या विमानाचा, तसंच लढाईच्या काळातलं एक विमान माझ्याकडे आहे. बाकी सगळं तयार, पंखा तेवढा नाही. याच्या मापानं नवा केला तर पुण्याजवळच्या विमानांच्या कसरतींत ते उडेल. नाहीतर कायमचं संग्रहालयात.”

“ह्यांची पावलं हायेत त्यावर. द्यायची न्हाई.”

नीलमनं मला खाली घेतलं. तासलेला हात पाहून तिचा चेहराच उतरला. “कुणी वाटोळं केलं याचं?”

“माझ्या मालकानं. तू येनार हे त्याला सपान पडलं व्हतं का?” सारजाबाईचा आवाज चढला. मग तिनंच मला उलटं फिरवलं. “ही बाजू बघ. हिला मी रंधा लावू दिला न्हाई.”

नीलम खालीच बसली. “दोन्ही हात सारखेच असतात, आजी. हा एक पुरे.”

“मग माप घे. पन रंधा लावायचा न्हाई, पालिश करायचं न्हाई. आनि मी संगं येनार.”

कसरतींच्या दिवशी सारजाबाई खुर्चीवर बसली, मी तिच्या खांद्याला टेकून उभी. माझ्या मापाचा नवा पंखा गरगरला. विमान धावलं, उचललं, आमच्या डोक्यावरून गेलं. सारजाबाईनं वर पाहिलं नाही लवकर. तिची बोटं त्या खळग्यांत होती. “बघताय नव्हं?” एवढंच म्हणाली.

आता मी परत माळ्यावर आहे. आम्ही दोघीही फार दिवसांच्या नाही. उद्या मला कुणी काचेच्या पेटीत ठेवलंच, तर तासलेला हात लपवू नका. त्यावरही कुणीतरी जीव लावलाय.