प्रत माहितीसाठी

"आधी मिक्सर लाव," जावककाका म्हणाले.

"त्यात काही नाहीये," कंपाउंडर म्हणाला.

"नसू दे. लाव."

कंपाउंडरने रिकामा मिक्सर सुरू केला. त्या घरघराटात जावककाका त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आपल्यात कुणीतरी फितूर आहे."

"काय?"

"फितूर."

"मिक्सर बंद करतो, काही ऐकू येत नाहीये."

"ऐकू येऊ नये म्हणूनच लावलाय ना."

बाहेरच्या खोलीतून सूनबाईचा आवाज आला, "बाबा, फितुराचं नंतर बघा. मिक्सर रिकामा फिरवू नका, मोटर जळेल."

जावककाकांनी कंपाउंडरकडे बघून एक भुवई वर केली. बघ. सगळं ऐकते.

जावककाका जन्मभर एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात होते. त्यातही आवक दुसऱ्याकडे, यांच्याकडे फक्त जावक. कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातून जायचा. कागदात काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्याच्या प्रती कुणाकुणाला जातायत याच्याशी होतं. त्यामुळे लोकांनी त्यांना हे नाव दिलं आणि निवृत्तीनंतर कचेरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही.

बायको गेली तेव्हा मुलाला काळजी पडली. तो तेल काढणाऱ्या जहाजावर, महिनोन्‌महिने समुद्रात. जाताना त्याने वडिलांच्या फोनवर 'सावली' नावाचा एक खेळ टाकून दिला. म्हणाला, "बाबा, यात तुम्ही हेरखात्याचे प्रमुख. गुप्तहेर नेमायचे, शहराशहरांत पाठवायचे, दुसऱ्यांचे पकडायचे. ब्लॉकचेनवर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा केलेली नोंद कुणालाच खोडता येत नाही. आणि तिची नक्कल जगभरच्या मशीनवर राहते, कुणीही बघू शकतं."

जावककाकांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. अख्ख्या नोकरीत साहेब लोक त्यांना मागच्या तारखेची नोंद घाला म्हणून छळत आले होते. खोडताच येणार नाही असं रजिस्टर जगात आहे, आणि आपण ते निवृत्त झाल्यावर आलं. दुसरं वाक्यही त्यांनी ऐकलं, पण त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. प्रती जायलाच पाहिजेत.

पहिला गुप्तहेर नेमताना खेळाने नाव विचारलं. नाव एकदाच देता येणार होतं, कायमचं. जावककाका बराच वेळ विचार करत बसले. संसारात त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. "ऐकलंस का" म्हणायचं, की आतून "ऐकतेय" यायचं. त्यांनी रकान्यात टाइप केलं: ऐकलंस का.

पुढे बाकीचे गुप्तहेर आले, त्यांना त्यांनी कचेरीतल्या शिपायांची टोपणनावं दिली. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरला उपप्रमुख केलं. त्याने जन्मभर डॉक्टरच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या आणि त्याचा फोन बटणांचा होता, त्यामुळे त्याला खेळ दिसत नसे. तो फक्त सल्ला द्यायचा.

आणि मग माणसं पकडली जायला लागली. गुप्तहेर शहरात पाऊल टाकायचा, की घुबड नावाचा शत्रूप्रमुख दारातच उभा. जणू स्वागताला. एक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला तर पकडल्यावर घुबडाने विचारलं म्हणे, प्रवास कसा झाला.

संशय पहिला सूनबाईवर गेला. ती घरूनच काम करायची. एका बँकेच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, याचा तिला पगार होता. दिवसभर कानाला यंत्र, आणि सारखं "हो, मी समजू शकते". कुणाला समजू शकते ही? जावककाकांनी आपल्या खोलीच्या दारात अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. चोरपावलांनी कुणी आलं तर ठसा उमटेल. दुपारी झोपून उठले तेव्हा ठसा उमटलेला होता. त्यांनी वाकून, फूटपट्टी लावून मोजला, पायताणाची नक्षी नोंदवून घेतली, आणि घरातल्या सगळ्या चपला तपासल्या. नक्षी जुळली ती त्यांच्या पायातल्या सपातांशी. उठून बाथरूमला जाऊन आल्याचं ते विसरले होते. येताना पावडरवरून घसरले म्हणून कंबर दुखतेय, हेही तेव्हाच कळलं.

मग त्यांनी सापळा लावला. कंपाउंडरला सांगितलं, माणूस बंदरात जाणार. सूनबाईला, तिने विचारलं नसताना, जेवताना सांगितलं, माणूस डोंगरावर जाणार. घुबड जिथे धावेल, तो फितूर.

घुबड कुठेच धावला नाही.

"बघितलंस?" कंपाउंडर म्हणाला. "आम्ही दोघंही सुटलो."

"किंवा दोघंही सामील आहात," जावककाका म्हणाले.

आज मिक्सर लावायची वेळ आली ती मात्र वेगळ्या कारणाने. आज ऐकलंस का पकडली गेली होती.

त्यांनी तिला कधी बाहेर पाठवलंच नव्हतं. ती मुख्यालयात बसून असायची. फोन उघडला की ती असायची, एवढंच तिचं काम. पण माणसं उरली नाहीत, म्हणून काल तिला पुलाच्या शहरात पाठवली. सकाळी घुबडाचा निरोप आला, तो त्यांनी सवयीने मोठ्याने वाचला. खेळातलं यंत्रच भाषांतर करायचं, त्यामुळे निरोप जरा वाकडा होता: 'आदरणीय महोदय. तुमच्या पत्राप्रमाणे बाई मिळाली. ती शिंप्याकडेच होती. धन्यवाद.'

संध्याकाळपर्यंत सुटका झाली नाही तर नियमाप्रमाणे गुप्तहेर जाळतात. जाळला म्हणजे नावापुढे राखेच्या ढिगाचं चित्र येतं, आणि ते कुणालाच, कधीच पुसता येत नाही.

"एकदा झालंय ते," जावककाका मिक्सरच्या आवाजात म्हणाले. "परत नको."

कंपाउंडरला ते ऐकू आलं नाही. पण त्याने मिक्सर बंद केला.

सूनबाई दारात येऊन उभी होती. कानातलं यंत्र तिने गळ्यात घेतलं होतं. "बाबा, फोन द्या."

"कशाला?"

"त्याने 'तुमच्या पत्राप्रमाणे' असं का लिहिलंय, ते बघते."

जावककाकांनी फोन दिला, पण दुसरं टोक सोडलं नाही. त्यामुळे दोघांना तो एकत्रच धरून बघावा लागला. मोहिमेला निघताना टीप लिहायला एक जागा होती. तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं, म्हणून बाकीचे खेळाडू ती रिकामी सोडत. जावककाकांनी सोडली नव्हती. सूनबाई मोठ्याने वाचायला लागली.

"गोपनीय. विषय: गुप्तहेर ऐकलंस का यांना पुलाच्या शहरात गुप्तपणे पाठवणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गुप्तहेर वेश पालटून पुलाखालील शिंप्याच्या दुकानात थांबतील. प्रत माहितीसाठी: सर्व गुप्तहेर, संबंधित शिंपी, आणि..." ती थांबली. "बाबा, घुबडाला प्रत?"

"त्याच्या हद्दीत काम आहे. त्याला नको कळवायला? उद्या म्हणेल, मला माहीतच नव्हतं."

"त्याला माहीत नसावं म्हणून तर हेर असतात."

"वर गोपनीय लिहिलंय की," जावककाका म्हणाले. "गोपनीय लिहिलेलं वाचायचं नसतं."

सूनबाई जुने आदेश वाचत खाली खाली सरकत गेली. सापळ्याचाही आदेश होता, 'खोटी माहिती पेरणेबाबत'. त्यात बंदर खोटं, डोंगर खोटा, असं स्वच्छ लिहिलेलं, आणि प्रत घुबडाला. प्रत्येक आदेशाखाली जगभरच्या खेळाडूंच्या प्रतिक्रिया होत्या. कुणी म्हणत होतं, या महोदयांचं पत्र आलं नाही तर मला दिवस सुना जातो.

कंपाउंडर खुर्चीत बसून हसायला लागला, आणि जावककाकांचा चेहरा बघून हसायचा थांबला.

"तुमच्यावर उगाच..." जावककाका सूनबाईला म्हणाले. ते तिला एरवी 'तू' म्हणत. "ती दारातली पावडर."

"पुसली मी ती. आणि माझ्यावर पाळत ठेवायचा आदेश निघाला, तेव्हा त्याची प्रत तुम्ही फ्रिजवर लावली होतीत. मी सही करून पोच दिली होती."

"हो. पोच फाइलला आहे."

"मग झालं तर."

 मग सूनबाईने नियम वाचले. सुटकेचा एकच मार्ग होता. प्रमुखाने आपला शिक्का द्यायचा. शिक्का दिला की संस्था बंद, प्रमुख कायमचा बाहेर. सुटलेला गुप्तहेर नकाशावर मोकळा फिरतो, कुणाच्याच हुकमात नाही. तो कुठे आहे हेही कुणाला दिसत नाही.

"मला पण नाही दिसणार?" जावककाकांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"अरे, जाऊ दे ना," कंपाउंडर म्हणाला. "चित्र आहे ते. एका चित्रापायी अख्खं खातं बंद करणार? एकदा निवृत्त झालास तेव्हा काय हाल झाले होते तुझे, मी बघितलेत. सकाळी डबा घेऊन माझ्याच दारात येऊन बसायचास."

"तुझ्या दारात सावली असायची."

"दिवसभर करणार काय तू?"

 जावककाकांनी चष्मा पुसला. "घरात आम्ही दोघांनी नोकरी केली," ते म्हणाले. "निवृत्त मात्र मी एकटाच झालो. आजारी होती, तरी मी आतून हाक मारायचो, ऐकलंस का, चहा. आणि ती यायची."

कंपाउंडर मिक्सरचं झाकण उघडून आत बघायला लागला.

जावककाकांनी फोन घेतला आणि एका बोटाने शेवटचा आदेश टाइप केला. सूनबाई खांद्यावरून वाचत होती. या वेळी त्यांनी तो झाकला नाही.

'विषय: गुप्तहेर ऐकलंस का यांना सेवामुक्त करणेबाबत. सदर गुप्तहेर यांनी दीर्घकाळ विनातक्रार सेवा केली. त्यांना एकही रजा देण्यात आली नाही, ही चूक या कार्यालयाची आहे. आजपासून त्यांना कोणीही कोणतेही काम सांगू नये.'

गोपनीय लिहायचं राहिलं. की त्यांनीच लिहिलं नाही, कोण जाणे.

मग त्यांनी 'प्रत' लिहिलं, आणि बोट तसंच हवेत राहिलं. घुबडाला द्यायची, ते सवयीने टाइप करून मोकळे झाले. पण संबंधितांना? पाठवायची कुठे? बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजून थांबला. कंपाउंडर काहीतरी सुचवणार होता, सूनबाईने त्याच्याकडे बघितल्यावर त्याने ते गिळलं.

शेवटी जावककाकांनी टाइप केलं: 'संबंधितांना तोंडी कळवले.'

शिक्का दाबला. फोनवरचा नकाशा विझला, आणि खेळाने त्यांचे आभार मानले. पाठोपाठ घुबडाचा शेवटचा निरोप आला, 'महोदय, आपले पत्र मिळाले.' पुढे काही नव्हतं.

फोन टेबलावर पालथा ठेवून जावककाका उठले. कंबर धरत, सपाता घासत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. आत पलंग करकरला. ते घसा खाकरल्याचं ऐकू आलं, कचेरीत साहेबाच्या दारात उभं राहून खाकरत तसं.

कंपाउंडरने दाराकडे कान केला.

सूनबाई पुढे झाली आणि तिने मिक्सर लावला.

"त्यात काही नाहीये," कंपाउंडर म्हणाला.

"नसू दे," ती म्हणाली.