हात खाली

लेक बहिरी आहे हे कळलं तेव्हा आजी काही आजी नव्हती, चांगली तरणीताठी बाई होती. ती पोटभर रडली, मग कंबर कसून खुणांची भाषा शिकून आली. पुढं मायलेकींचं असं मेतकूट जमलं की खिडकीत उभ्या राहून दोघी शेजारणींची उणीदुणी काढायच्या, आणि समोर बसलेल्या शेजारणींना पत्ता नसायचा. जावयाला मात्र जेमतेम चार खुणा येत. तो फिरतीवर असे, त्यामुळं तेवढ्यावर त्याचं भागून जाई.

मग टिल्लू झाला. त्यालाही ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून कानामागे यंत्र बसवलं, आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आजीला बजावलं, "आता घरात खुणा एकदम बंद. हात दिसले की मूल तोंड उघडायचा कंटाळा करतं."

आजीनं घरी येऊन हे लेकीला सांगितलं, तेही खुणांनीच.

"मग मी?" लेकीनं हातांनी विचारलं.

"थोडे दिवस. त्याच्या भल्यासाठी."

लोक लेकीला 'मुकी' म्हणत, ते आजीच्या जिव्हारी लागलं होतं. नातवाला कुणी तसं म्हणू नये म्हणून ती हात धुऊन त्याच्या बोलण्याच्या मागं लागली. लेक दिवसभर कारखान्यात शर्टांना काजं करायची आणि घरी आली की टिल्लूसमोर बसायची. तिचे हात वर आले की आजी ते धरून हळूच तिच्या मांडीवर ठेवी. "हात खाली. शाबास." टिल्लू आजीच्या ओठांकडे बघून "पा-णी" म्हणे. आजी टाळ्या वाजवी, आणि तिचं बघून लेकही वाजवी. पोरगं काय बोललं ते तिला कळत नसे.

टिल्लू बोलायला लागला. शाळेत जाऊ लागला, मारामाऱ्या करून आला, विनोद सांगू लागला. सगळं आजीला. आईसाठी काही असलं की म्हणायचा, "आजी, तिला सांग ना." मग तो झोपल्यावर आजी ते लेकीला खुणांनी सांगे. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली.

मग जुन्या बाई गेल्या, नव्या आल्या. त्या म्हणाल्या, "खुणा कशाला बंद केल्या? दोन्ही भाषा चालतात की. आमच्यात आता मत बदललंय."

आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमचं मत बदललं हो बाई, पण इकडं आमचं पोर मोठं झालं त्याचं काय?"

तरी घरी येताना ती जवळजवळ पळतच आली. लेक नुकतीच कामावरून आली होती. आजीनं दारातूनच खूण केली, "बोल! आता बोल त्याच्याशी!"

लेकीचा आधी विश्वासच बसेना. मग तिनं टिल्लूला समोर बसवलं आणि हात उचलले. तो पोटात असताना ती त्याच्याशी काय काय बोलायची, इथून तिनं सुरुवात केली. इतके दिवस साठवलेलं सगळं भराभर बाहेर येत होतं. बघता बघता आजीचे डोळे भरून आले.

टिल्लू थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं आईचे दोन्ही हात धरले आणि हळूच तिच्या मांडीवर ठेवले.

"हात खाली, आई. शाबास."

"अरे सोड! बोलू दे तिला!" आजी ओरडली.

"पण ती बोलत कुठं होती, आजी? नुसते हात हलवत होती."

लेकीनं आजीकडे बघून भुवया उंचावल्या. काय म्हणाला?

लेकीपासून आजीनं लोकांचं बोलणं कधी लपवलं नव्हतं, अगदी टोमणेसुद्धा. आत्ता मात्र खोटं सांगावंसं वाटलं. पण लेक तिच्याकडेच बघत होती. आजीनं हातांनी जसंच्या तसं सांगितलं.

लेकीनं टिल्लूच्या केसांवरून हात फिरवला आणि त्याला खेळायला सोडलं. आजी तिच्यासमोर खाली बसली, "माझं चुकलं गं," असं पुन्हा पुन्हा हातांनी म्हणू लागली. पण लेकीनं डोळे मिटून घेतले होते, आणि तिनं डोळे मिटले की तिच्याशी बोलायला आजीकडे दुसरी वाट नव्हती.