उजवा कान चिरलेलं गाढव

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि मला दोन भोकं आहेत. एक असायलाच हवं, त्यातून आवाज निघतो. दुसरं बंदुकीच्या गोळीचं आहे. त्याच्यामुळे बोलताना माझी शिट्टी वाजते आणि बाजारातली पोरं मला 'दातपडका' म्हणतात. म्हणोत बापडी. त्यांना ते भोक कसं पडलं ते माहीत नाही, म्हणून तर सांगायला बसलोय.

नैरोबीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कारागिराने मला ठोकून ठोकून गोल केलं. मार खातच जन्माला आलो, म्हणून आवाज असा खणखणीत! आधी एका पाद्रीबुवाकडे होतो. तो माझ्यातून लोकांना नरकाची भीती घालायचा. त्याचा घसा गेला तेव्हा त्याने मला उत्तरेकडच्या या कोरड्या मुलखात, आमच्या रेडिओ केंद्राला देऊन टाकलं. केंद्र म्हणजे एक खोली, एक उंच खांब आणि छपरावर मी. घरोघरी छोटे रेडिओ होते, पण बाजारातली माणसं माझ्याकडेच कान लावून बसायची. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

या केंद्राला मालक नाही. नफा तर नाहीच. चार भल्या लोकांच्या देणगीवर चालतं. मग बातम्या देणाऱ्याचे कान धरणार कोण? त्यासाठी दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, समोरच्या बाभळीखाली सल्लागार बसायचे. नदीकडच्या लोकांचा म्हातारा लोमुरिया आपलं बुटकं लाकडी आसन काखेत मारून यायचा. डोंगराकडची चेपकिते तिथेच चहा विकायची, ती किटली घेऊन बसायची. नदीकडचे आणि डोंगराकडचे यांचं गुरांवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. दोन्ही जमातींची नावं मी घेणार नाही. तसा नियमच आहे, या दोघांनीच घालून दिलेला.

"मारामारीची बातमी दे, पण मेलेला कोणाचा आणि मारणारा कोणाचा, ते बोलायचं नाही," लोमुरियाने एवोईला बजावलं होतं. एवोई म्हणजे आमचा बातम्या देणारा. शहरात वाढलेला, हुशार, पण उभ्या जन्मात एक शेळी पाळली नव्हती त्याने.

"आजोबा, मग बातमीत उरलं काय?"

"माणूस उरला ना!" चेपकिते फणकारली. "तो पुरत नाही होय रे तुला?"

त्या नियमाने किती जीव वाचवले असतील, देव जाणे. पण मित्रांनो, आमच्याकडे लोक बातम्यांसाठी रेडिओ लावतच नाहीत. लावतात ते हरवलेल्या जनावरांसाठी. दुपारच्या त्या कार्यक्रमात कोणाची गाय कुठे चुकली, कोणाचा उंट कुठे सापडला, रंग कसा, शिंगं कशी, सगळं सांगतात. त्या कार्यक्रमाला नियम लावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जनावरांच्या बातमीत कसला आलाय धोका?

त्या बुधवारी संध्याकाळी पाणवठ्यावर गोळीबार झाला. नदीकडचे तीन गुराखी पाण्यातच पडले. त्यांच्यात लोमुरियाचा नातू अपुआ होता. गुरं पळवली गेली. मारेकरी कोण, कोणीच पाहिलं नव्हतं. गुरुवारी लोमुरिया तरीही आला. झाडाखाली बसला. चेपकितेने त्याच्या हातात चहा दिला, तो त्याने तसाच धरून ठेवला. एवोईने बातमी नियमाप्रमाणे दिली: पाणवठ्यावर तीन माणसं गेली, तपास चालू आहे. बाजार कुजबुजत होता, पण शांत होता.

मग जनावरांचा कार्यक्रम लागला. आणि माझ्या तोंडून, माझ्या या मोठ्या तोंडून, एवोई म्हणाला, "पाणवठ्याच्या वरच्या खडकाजवळ एक राखाडी गाढव सापडलं आहे. उजवा कान मधोमध चिरलेला आहे. ज्याचं असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावं."

चेपकितेच्या हातातली किटली खाली पडली. "अरे मेल्या, हे काय बोललास!"

गुरं पाळणाऱ्या माणसाला कानाची खूण म्हणजे घराण्याचं नाव. लहान पोरालाही कळतं. उजवा कान मधोमध चिरायचे ते फक्त चेपकितेच्या माहेरचे. नियमाने जे झाकलं होतं ते एवोईने गाढवाच्या कानावरून उघडं केलं, आणि बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

पुढचं ऐका. केंद्राच्या खिडकीसमोर जनावर हरवलेल्यांची रांग होती. त्या रांगेत चेपकितेचा धाकटा भाऊ क्रोप उभा होता. कोळसा विकणारा साधा माणूस. चार दिवसांपूर्वी त्याचं गाढव कोणीतरी चोरलं होतं, तेच सांगायला आलेला. माझा आवाज ऐकून तो आनंदाने नाचायलाच लागला.

"माझं! अहो, माझंच ते! सापडलं रे देवा!" दोन्ही हात वर करून तो ओरडत होता.

सगळा बाजार त्याच्याकडे वळला. क्रोपच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं तेव्हा पहिला दगड लागला. तो "अहो, ऐका तरी" म्हणाला, एवढं मी ऐकलं. मग काठ्या. मग चाकू. माणसाला मरायला फार वेळ लागत नाही, मित्रांनो. छपरावरून सगळं दिसत होतं आणि मला डोळे मिटता येत नाहीत.

मग डोंगराकडच्या लोकांची दुकानं पेटली. पोरांना कडेवर घेऊन बाया पळत सुटल्या. चेपकिते भावाकडे धावली, तर तिच्या कपाळावर दगड बसला. एवोईने तिला फरफटत केंद्रात ओढलं आणि दाराला खाट लावली. "बाहेर काढा तिला!" गर्दी दार तोडायला लागली. कोणीतरी खांबावर गोळ्या झाडल्या, त्यातली एक मला आरपार गेली. माझं हे दुसरं भोक ते.

इतक्यात लोमुरिया उठला. गर्दीने त्याला वाट दिली. नातू त्याचा गेला होता, तिचा जीव घ्यायचा पहिला हक्क त्याचाच, असं सगळ्यांनी धरलं. एवोईने खाट जराशी सरकवली, तो एकटाच आत गेला. हातात भाला होता.

"घाल," चेपकिते म्हणाली. रक्त डोळ्यांत उतरत होतं तिच्या. "पण आधी एक सांग, म्हाताऱ्या. माणसं मारून आलेला गाढव मागायला रांगेत उभा राहतो का रे?"

लोमुरियाने भाला भिंतीला टेकवला. मग एवोईला म्हणाला, "ते यंत्र चालू कर."

"आजोबा, मी चुकलो..."

"चालू कर म्हटलं ना!"

मग माझ्यातून त्याचा आवाज निघाला. फाटका, शिट्टी वाजणारा, पण निघाला. "मी लोमुरिया. पाण्यात पडलेला अपुआ माझा नातू. ज्याच्या घरचा गेला त्याने भाला उचलेपर्यंत दुसऱ्या कोणी उचलायचा नाही, ही आपली रीत. बंदुका आल्या म्हणून रीत विसरलात काय रे? माझ्याआधी हात उचललात, माझ्या पांढऱ्या केसांवर थुंकलात तुम्ही. मी सांगेन तेव्हा. आज नाही. जा घरी!"

दारावरचे धक्के थांबले. पण डोंगरातही रेडिओ चालू होते, आणि तिकडे आता क्रोप मेल्याचं पोचलं होतं. लोमुरियाने बाजूला सरून चेपकितेला जागा दिली. ती किंचाळली असती तर डोंगर खाली उतरला असता.

"क्रोप माझा भाऊ," ती म्हणाली. "आईमागे मीच वाढवला. मला रडू द्या आधी. मी सांगेन तेव्हा. आज नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची प्रेतं पुरली गेली. आता जनावरांची यादीही आधी झाडाखाली वाचली जाते. कानाची खूण केंद्र सांगत नाही, मालकाने येऊन सांगायची. एवोई अजून बातम्या देतो, पण बोलण्याआधी थांबतो.

त्यानंतर दर गुरुवारी नदीकडचे तरुण लोमुरियाला विचारायचे, "आजोबा, कधी?" तो चहा फुंकत म्हणायचा, "आज नाही." डोंगराकडचे चेपकितेला विचारायचे, "आत्या, कधी?" ती किटली पुसत म्हणायची, "आज नाही." अशी वर्षं गेली. लोमुरिया अंथरुणाला खिळला तेव्हा मुलाने कानाशी वाकून विचारलं, "बाबा, आता?" म्हाताऱ्याने मान हलवली. "आज नाही," म्हणाला आणि गेला.

आता चेपकिते एकटीच बसते. हात कापतात तिचे, चहा बशीत सांडतो. तरुण अजून विचारायला येतात, हल्ली जरा जास्तच. मित्रांनो, मला रंग लावू नका, माझं भोक बुजवू नका, मी आहे तसा बरा आहे. पण ती गेल्यावर तिच्या जागी बसून कोण सांगणार, तेवढं बघा. तुमच्यातलं कोणीतरी तिच्याजवळ बसून शिकून घ्या. दोनच शब्द आहेत, आणि त्यांना मोठा आवाज लागत नाही.