लाल दिव्याचा खोल अर्थ

काका जाऊन सहा महिने झाले आणि ते त्यांच्या जुन्या गाडीतून बोलायला लागले. निदान सगळी गल्ली तसं म्हणत होती. गाडीच्या खिडक्यांतून डोकी आत घुसली होती, डोक्यांवर आणखी डोकी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर, गुडघ्यांवर शाल पसरून, दिवेवाले महाराज बसले होते.

"हे भरधाव आत्म्या! स्वर्गाच्या सिग्नलला न थांबलेल्या आत्म्या!" महाराजांनी किल्ली फिरवून डोळे मिटले. "तुझी पत्नी विचारते आहे, उद्या ऑपरेशनला जावं का?"

डॅशबोर्डावर लाल दिवा लागला. गोल डोकं, खाली आखूड मान.

"टक्कल! काकांचं टक्कल!" शेजारीण किंचाळली.

"लाल म्हणजे नको," महाराज म्हणाले. "या दिव्याला फार खोल अर्थ आहे, माउली. माझं मंतरलेलं पाणी प्या, पोटातले खडे विरघळतील."

काकूंनी हात जोडले आणि त्यांची पुतणी खिडकीतून आणखी आत वाकली. गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणारी म्हणून तिला सगळे वायरताई म्हणत. आई गेल्यावर तिला याच काकूंनी वाढवलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, पित्ताशय सुजलंय, आता चालढकल केली तर जिवावर बेतेल. आणि इथे म्हणे काका नको म्हणतायत!

टक्कल कसलं डोंबलाचं! ते बल्बचं चित्र होतं. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा पेटला नाही की ही गाडी तो इशारा देते. आणि प्रत्येक उत्तराआधी महाराजांची शाल उजव्या गुडघ्यापाशी हलत होती. वायरताईला हसू आवरेना, आणि संतापही.

"महाराज, डिकीतली काकांची छत्री काढू?" तिने साळसूदपणे विचारलं.

"काढ. पण आत्म्याला धक्का लावू नकोस."

छत्री मिळाली, आणि हवं होतं तेही मिळालं. दोन्ही मागच्या दिव्यांची मिळून असलेली अर्थची, म्हणजे अर्थिंगची, तार गंजून सुटली होती. दिव्यातून गेलेली वीज याच तारेने गाडीच्या पत्र्यात परत जाते. ती सुटली की दिवा पेटत नाही. महाराजांच्या खोल अर्थाची अर्थच सुटली होती! तिने गंज खरवडला, तार जागेवर बसवून स्क्रू आवळला आणि डिकी बंद केली.

"सगळे गाडीच्या मागे या बघू! आत्म्याला जरा मोकळी हवा मिळू दे. काकू, तुम्ही पण. आता पुन्हा विचारा."

"अहो, जाऊ का मी ऑपरेशनला?" काकूंनी कापऱ्या आवाजात विचारलं.

डॅशबोर्ड गप्प. मागचे दोन्ही दिवे मात्र लखकन पेटले.

"बोल, आत्म्या!" महाराज ओरडले. दिवे पेटले. "बोल म्हणतो ना!" पुन्हा पेटले. महाराज दात-ओठ खाऊन पेडल दाबत होते आणि मागे उजेड भकाभका उघडझाप करत होता.

"अगं बाई, हे तर ब्रेक दाबतायत!" शेजारीण म्हणाली. तिने पुढे धावत जाऊन खिडकीतून हात घातला आणि शाल ओढली. खाली पाय, पायाखाली ब्रेक! हसून हसून गल्लीची मुरकुंडी वळली. महाराजांनी पेडलवरून आणि गल्लीतूनही काढता पाय घेतला.

वायरताईने डिकी उघडून सगळ्यांना तार दाखवली. तिने ती सोडली, शेजारणीला ब्रेक दाबायला लावला आणि टक्कल हजर झालं. जोडली की गायब. मग शेजारणीने स्वतः दोनदा करून पाहिलं.

"दिवा लागला तर आधी विचारा, कशाने लागला," वायरताई म्हणाली. "गाडीचं दुखणं वायरवालीला विचारा, पोटाचं डॉक्टरांना. आणि उत्तर पटलं नाही, तर पुन्हा विचारा. विचारण्यात कसलं आलंय पाप?"

काकू मात्र हसत नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते बोललेच नाहीत?"

वायरताईने त्यांचा हात हातात घेतला. "नाही, काकू."

काकूंनी डोळे पुसले. "तरीच! चाळीस वर्षांत त्यांनी मला एकदाही कशाला नको म्हटलं नव्हतं गं. मेल्यावर कुठून शिकतील?" आणि पदर खोचून त्या घराकडे वळल्या. "चल, बॅग भरायला लाग. उद्या किती वाजता निघायचं?"