दाराला कडुनिंब

मुलं म्हणजे देवाघरची फुलं, असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा सूनबाई म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, सहा पोरं एका बागेत आठवडाभर मोकळी सोडून बघ, मग मला सांग फुलं की काय ते. ती हसली. म्हातारी चेष्टा करतेय असं वाटलं असेल तिला.

सत्तावन्न सालची गोष्ट. मी शालन, तेव्हा अकरा वर्षांची. आमचं घर चामराजपेटेत, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्या मे महिन्यात काकांच्या अंगावर देवी आल्या. आमच्यात त्याला रोग म्हणायची छाती कुणाची नव्हती. ती आई, पाहुणी म्हणून आलेली. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे येणाऱ्यानं ओळखायचं, हात जोडायचे आणि उंबरा न ओलांडता परत फिरायचं. आजारी माणूस बोलेल ते आईचंच बोलणं, त्याला उलट उत्तर द्यायचं नाही. टोचायला माणूस आला तर आजोबा त्याला ओट्यावरूनच वाटेला लावायचे.

आजोबा म्हणजे अप्पासाहेब. त्यांनी आम्हा पोरांना घोड्याच्या जटक्यात घालून हेब्बाळच्या तळ्याकाठी आमच्या पेरूच्या बागेत पाठवलं. सोबतीला बागेची राखण करणारी तानूबाई. काकांचा रघुजी तेरा वर्षांचा, त्याची बहीण कमला नऊची, आत्याची दोन चिल्लीपिल्ली, मी आणि माझा धाकटा भाऊ ज्योतिबा. ज्योतिबा सात वर्षांचा. निघताना आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, याला सोडू नकोस. बाकी कुणाला तिनं काही सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तानूबाईच्या लेकीला कळा लागल्याचा निरोप आला. संध्याकाळी येते म्हणून ती गेली, ती आलीच नाही. पहिला दिवस आम्ही काय मजा केली म्हणता! पेरू, गूळ, विहिरीच्या थारोळ्यात अंघोळी, रागवायला कुणी नाही. नंतर मात्र धाकटी रडायला लागली. कोल्हे ओरडायचे. रघुजी म्हणाला, मी थोरला, मी सांगेन तसं वागायचं. आम्ही म्हटलं, सरी, बरं. कुणीतरी सांगणारा असला की बरं वाटतं, एवढंच कळत होतं तेव्हा.

चौथ्या दिवशी ज्योतिबा उठला तो अंगभर गांधी घेऊन. हात, मान, पोट, सगळं लाल. खाजवून खाजवून त्यानं रक्त काढलं होतं. तो सांगत होता, शेवग्यावर चढलो होतो, हुळ लागली, ती केसाळ अळी. ऐकतो कोण! आमची पाचावर धारण बसली होती. घरी काकांना बघून आलेली पोरं आम्ही. तेवढ्यात कमला केस मोकळे सोडून घुमायला लागली. सुरुवातीला ती खरंच भ्यालेली असणार. पण रघुजी तिच्या पाया पडला, मग आम्ही सगळे पडलो, आणि त्या पोरीला त्याची गोडी लागली. माझ्या पोराला कोंडा, तो बाहेर आला तर तुम्हा सगळ्यांना नेईन, असं ती बोलली.

विहिरीजवळ पत्र्याची खोली होती, अवजारांची. रघुजीनं ज्योतिबाला आत ढकललं आणि कडी घातली. डहाळा मी तोडून आणला आणि मीच बांधला. गाठ चांगली घट्ट मारली. मला वाटलं, मी रीतीनं करतेय, घरी गेल्यावर आई शाबासकी देईल.

मे महिन्यातला पत्रा. दाराखालच्या फटीतून मी ताटलीत पाणी सरकवायचे, ते अर्धं सांडायचं. तो आधी शिव्या द्यायचा, मग विनवायचा. रघुजीनं हुकूम काढला की त्याच्या तोंडून आई बोलतेय, तिला उत्तर द्यायचं नाही. ज्योतिबा ओरडला की बाकीची पोरं हात जोडून उभी राहायची. आणि सांगते, खोटं कशाला बोलू, त्यात एक मजा होती. आपण त्या दाराच्या बाहेर आहोत याची.

पाचव्या दिवशी आमचा जटकेवाला परसूमामा तांदूळ घेऊन आला. मला हायसं वाटलं. मोठं माणूस आलं, आता सुटलो. पण त्यानं लांबूनच डहाळा बघितला, चपला काढल्या आणि मातीला डोकं टेकवलं. ज्योतिबानं घोड्याचे घुंगरू ओळखले. पत्र्यावर धडाधडा मारत ओरडायला लागला, ‘परसूमामा, मला ने, मला काही झालं नाही!’

परसूमामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, ‘आई बोलतेय. तिला अडवू नये. तिचं मन झालं की ती जाईल.’ पोतं त्यानं फाटकातच ठेवलं, आणि वाडीत आई आल्याचं घरी कळवतो म्हणून निघून गेला. म्हणजे आता घरचं कुणी फिरकणार नव्हतं. वाईट नव्हता हो तो. त्याच्या जागी माझा बाप असता तरी तेच करता.

सहाव्या दिवशी सकाळी भाजीला पाला काढायला मी शेवग्यापाशी गेले. खोडावर कंबळी हुळांचा गठ्ठा बसला होता, ते केसाळ सुरवंट. माझा हात घासला. घटकाभरात कोपरापर्यंत तश्शाच लाल गांधी उठल्या. पोरगं खरं सांगत होतं.

मला सगळं कळलं होतं. धावत जाऊन कडी काढायची, एवढंच काम. पण माझ्या मनात पहिलं काय आलं? हे रघुजीनं बघितलं तर मला पण कोंडेल. मी पदरासारखी ओढणी हातावर गुंडाळली आणि भाजी चिरायला बसले. भावाचा विचार त्यानंतर आला, आणि आला तसा मी तो परत पाठवला. उद्या सांगू, म्हटलं.

दुपारी रघुजी समोर येऊन उभा राहिला. ‘हात का झाकलायस? दाखव.’ बाकीची पोरं भोवती जमली. ज्योतिबा बाहेर आला तर परत आत हाकलायला म्हणून रघुजीनं दिलेले दगड धाकट्यांच्या हातातसुद्धा होते, आत्याचं पोर जेमतेम पाच वर्षांचं. मी काही बोलणार, तोच खोलीच्या मागचा सडका पत्रा उचकटला आणि ज्योतिबा बाहेर आला. ओठ फुटलेले, डोळे उन्हाला मिटलेले. तो सरळ माझ्याकडे धावला. ‘अक्का,’ म्हणाला, ‘पाणी.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाकले आणि दगड उचलला. पहिला दगड माझा. तो त्याच्या कपाळावर बसला. मग सगळ्यांनी मारले. तो मागे मागे सरत गेला, हात तोंडावर धरून, आणि मागे विहीर होती. तिला कठडा नव्हता.

आम्ही काठावर उभे होतो. कमला म्हणाली, आई घेऊन गेली. माझ्या हाताकडे परत कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो हात अगदी साफ होता.

तानूबाई आली, मग घरची आली. तापात पोरानं विहिरीत उडी घेतली, असं रघुजीनं सांगितलं आणि आम्ही माना डोलावल्या. तळ्याकाठी त्याला पुरलं. आजोबांनी तिथं ओटा बांधला आणि दरवर्षी तिथं दहीभात जायला लागला. माझ्या आईनं तो वाढायचं काम माझ्याकडे दिलं. लोक म्हणायचे, भाग्याचं पोर, आईनं जवळ केलं. रघुजी पुढं शाळामास्तर झाला. कमला अजून घुमते, तिच्याकडे गर्दी असते.

सहासष्ट साली माझं लग्न ठरलं. त्या आठवड्यात मला झोप लागेना. आई माझी वेणी घालत होती. मी सगळं बोलून टाकलं, शेवग्यापासून विहिरीपर्यंत. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं वेणी पुरी केली. मग म्हणाली, ‘त्याला न्हाऊ मी घातलं होतं, शालू. देवी नव्हत्या अंगावर. कपाळावरची खोकही बघितली होती.’

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

‘विहिरीचा दगड लागला असेल, असं मी नऊ वर्षं रोज स्वतःला सांगत आले. तेवढ्यावर तुला जेवू घालत होते. आता काय सांगू?’

लग्न ठरल्या दिवशी झालं. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, माझ्याशी नीट बोलायची, बाळंतपणं केली, पण माझं एकही मूल तिनं कधी माझ्याजवळ एकटं सोडलं नाही.