पांढरी काठी नवं घर बघायला जाते

मी पांढरी काठी. सुरुवातीलाच कबूल करते, मी अतिशय भित्री आहे. काठी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उगारलेला हात येतो. मी जन्मात कुणाला मारलेलं नाही. मी जमिनीला हळूच विचारते, "बाई, पुढे काय आहे?" आणि ती सांगेल ते मालकांच्या मनगटात पोचवते. असलं काम करणाऱ्याने भित्रंच असावं. धीट काठी एक दिवस मालकाला खड्ड्यात घालील.

ॲल्युमिनियमच्या चार नळ्या, आतून रबरी दोरी, वर मूठ, खाली रबराचं टोपण, एवढाच माझा पसारा. कारखान्यात मला पांढरा रंग दिला, खालच्या नळीला लाल पट्टा मारला आणि घडी घालून खोक्यात कोंबलं. तिथेच मी पहिल्यांदा घाबरले.

खोक्यातून निघाले ती थेट मालकांच्या हातात. मालकांचे डोळे नवव्या वर्षी तापात गेले. वेताच्या खुर्च्या विणण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. वेत भिजवायचा, भोकातून ओवायचा, खेचून ताणायचा. बोटांना असे घट्टे पडलेत की माझी मूठ त्यांना लोण्यासारखी वाटत असेल. गल्लीत सगळे त्यांना वेतवाले काका म्हणतात.

घरापासून कामाची खोली दोनशे चाळीस पावलं. डाव्या गालाला बेकरीच्या भट्टीची ऊब लागली की वळायचं. न्हाव्याच्या दुकानापुढे पसरलेल्या कुत्र्याला वळसा घालायचा. सोळा वर्षांत कुत्रं दोनदा बदललं, जागा तीच राहिली. माझी टोपणं झिजली, सातवं चालू आहे, पण त्या रस्त्याने आम्हाला कधी दगा दिला नाही.

मग सुनेचं हॉस्पिटल गावाबाहेरच्या नव्या उपनगरात गेलं. ती नर्स आहे. जायला दोन तास, यायला दोन तास. घरी आली की बादलीत गरम पाणी घेऊन सुजलेले पाय बुडवून बसते आणि हूं की चूं करत नाही. मालकांना ते पाण्याचं डुचमळणं ऐकू यायचं. एकदा त्यांनीच मुलापाशी विषय काढला.

"तिकडेच घर बघा की रे. पोरीच्या पायांची पार वाट लागली."

मालकांचा आवाज खणखणीत होता, पण बोलताना त्यांनी मला पायाशी ओढून घेतलं होतं.

मुलगा शाळेत चित्रकला शिकवतो. ताडमाड उंच, घरातल्या प्रत्येक दाराने त्याच्या कपाळाला प्रसाद दिलेला आहे. तो महिनाभर त्या उपनगरात खेटे घालत होता. आला तो पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केलेला नकाशा घेऊन. "बाबा, बोट फिरवा. हे आपलं फाटक. डावीकडे एकशे बारा पावलं चाललं की रस्त्यावर पांढरे पट्टे. तिथे सगळ्या गाड्या थांबतात. पलीकडे दुकान. मी तीन तीनदा मोजलंय." मालकांनी सुतळीवरून किती वेळ बोट फिरवलं! बाप किती खूश झाला होता ते मी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

रविवारी आम्ही घर बघायला गेलो. काय ती फरशी! माझं टोपण घसरत होतं आणि जमीन एका शब्दाचं उत्तर देत नव्हती. दारं काचेची. इमारतीवर इमारती चढत होत्या, चहूकडे यंत्रांची घरघर. दलाल मुलाला म्हणाला, "यांना लिफ्ट जमेल ना?" मालक त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

मुलगा आणि सून स्वयंपाकघर बघत होते, तेवढ्यात मालक म्हणाले, "मी दुकानापर्यंत जाऊन येतो."

फाटकातून डावीकडे. एक, दोन, तीन. रस्त्यात चिटपाखरू नाही. तिथे कुणी चालतच नाही. एकशे दहा, अकरा, बारा. मालक उजवीकडे वळले. मी फुटपाथची कड चाचपली आणि माझं धाबं दणाणलं. पट्ट्यांपाशी फुटपाथला उतार असतो. इथे वीतभर उंच धार होती. मी दोनदा आपटून सांगितलं, इथे नाही, इथे नाही! पण कानात मुलाचा आकडा होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा मालकांनी माझं ऐकलं नाही. ते खाली उतरले.

गाड्या थांबल्या नाहीत. त्या विजेवरच्या गाड्यांना आवाजही नाही, नुसता वारा येतो. एक माझ्या टोकाला घासून गेली, माझी खालची नळी वाकली. मालक रस्त्याच्या मधोमध खिळून उभे. पुढे जावं की मागे, दोघांनाही कळेना.

"काका, हात धरू का?" एक बाई होती, रस्ता झाडणारी. तिने विचारलं, मग धरला. फाटकापाशी तिने हात सोडला तेव्हा मालक तिला म्हणाले, "कुणाला बोलू नका हं."

संध्याकाळी घरी सगळे टेबलाशी बसले. दुसऱ्या दिवशी दलालाला उत्तर द्यायचं होतं. सुनेने विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

"छान आहे. हवा मोकळी आहे."

मी अर्धवट घडीत कोपऱ्यात होते. सुनेने खिळ्याला अडकवायला मला उचललं, आणि नळी नळीत बसेना. तिने मोडलेलं हाड चाचपावं तसं माझ्यावरून बोट फिरवलं. "हे कशाने झालं?"

मग मालक म्हणाले, "मी रस्त्यात अडकलो होतो. गाडी हिला लागली. मी घाबरलो गं पोरी. फार घाबरलो."

"पण मी मोजलं होतं!" मुलगा उठला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालला. सात पावलं. मालक उठले, त्याच वाटेने चालले. अकरा. मुलगा मटकन खुर्चीत बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागला.

"नाही जायचं मग," सून म्हणाली. "विषय संपला."

"आणि तुझे पाय?" मालकांनी विचारलं. "आपण जायचं. पण मला भीती वाटते, आणि वाटली की मी सांगणार. रोज सांगेन. कंटाळायचं नाही."

आज सामान निघालंय. कामाच्या खोलीची किल्ली मालकांनी सोबत वेत विणणाऱ्या जोडीदाराला दिली. खुर्च्या विणायला नव्या घरी पोचवीन म्हणतो तो, बघू. मी वाकडीच आहे, पुरती मिटत नाही, म्हणून खोक्यात न जाता हातातून चाललेय. त्या मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्यांनो, एक म्हातारा कडेला थबकलेला दिसला तर त्याला ओढू नका. आधी विचारा.

ट्रकवाल्याने हाक मारली. मालकांची मूठ घामाने ओली झाली आहे. उंबरठ्यावर थांबून ते माझ्याशी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "चल बाई. आता तू सांगशील तसं."