उलटी चढलेली घरमोटार

मित्रांनो, पैज लावते, माझी ही गोष्ट तुम्हांला खरी वाटायचीच नाही. मी एक जुनी घरमोटार आहे. औरंगाबादच्या सुतारानं लॉरीच्या सांगाड्यावर सागवानी खोली बांधली, आत खाट, चूल आणि माठ ठेवला, अन् मी रस्त्याला लागले. मालक काकासाहेब दर थंडीत मला घेऊन अजिंठ्याची लेणी पाहायला जायचे. ड्रायव्हर मजीद माझी काच पुसताना मला 'बेगम' म्हणायचा.

माझी खोड एकच. सपाटीला मी गुणाची; चढ आला की पेट्रोल ढोसायची. अख्खं घर पाठीवर घेऊन चढून बघा म्हणजे कळेल! पुढं लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना. काकासाहेबांनी बजावलं, "मजीद, या खेपेला ही वाटेत बंद पडली, तर कायमची उभी करीन."

आणि परतताना फर्दापुरातच टाकीचा तळ दिसू लागला. समोर घाट.

"वैजापुराकडून वळसा घेऊ," काकासाहेब म्हणाले. "रस्ता सपाट आहे."

"सपाट हाय, पर लई लांब, सरकार. तेवढं पेट्रोल नाय. घाटच जवळ, घरापत्तूर पुरंल."

"मग चढव."

"नाक वर झालं की तळातलं पेट्रोल इंजिनाला पोचत नाय. उलटी चढवतो. टाकी वर, इंजिन खाली."

मान मागं वळवून मजीदनं मला सगळा घाट उलटा चढवला! वानरांनी टाळ्या पिटल्या. एकानं तर सलाम ठोकला. पण वर अजिंठा गावात माणसं हसली. "काकासाहेबांची मोटार पाठ दाखवत आली!"

ते हसू काकासाहेबांना झोंबलं. घरी येताच त्यांनी मला परसातल्या लिंबाखाली उभी केली. मी वाटेत बंद पडले नव्हते, तरीही.

आता खाटेवर कोंबड्या अंडी घालतात. चढ नाही, वळसा नाही, थेंबभर पेट्रोल लागत नाही. इतकं स्वस्त कुणी होऊ नये. मित्रांनो, ज्यानं तुम्हांला चढ पार करून दिला, त्याच्याकडं अधूनमधून फिरका. माझं तरी बरं आहे. मजीद मला विसरलेला नाही. दर शुक्रवारी येतो, 'बेगम' म्हणतो, काच पुसतो...

"खोटं!" अंडी गोळा करणारी मजीदची लेक आबेदा आतून ओरडली. "वानरांचं मानलं एक वेळ. पर अब्बा कवाच वैजापूरला बस चालवाया गेले. ईदलाबी आले नाय. काच मी पुसते."